दसऱ्यानंतरचं ऊन

परभणी जिल्ह्यात ऊन कमी पडलं, अशी तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. चैत्र-वैशाखात बाजेवर टाकलेली कुरडई दुपारपर्यंत कडकडीत होते, पापडी उलटायला जावं तर बोटाला चटका बसतो. आमच्याकडच्या बायकांचं वाळवणाचं सगळं शास्त्र या उन्हाच्या जोरावर उभं आहे. मक्याचं कणीस मात्र भरतं भाद्रपदात. तेव्हा आभाळ गच्च, अंगणात राड, माळवदावर शेवाळ आणि चुलीशेजारची काडेपेटीसुद्धा सादळलेली. ऊन असतं तेव्हा कणीस नसतं, कणीस येतं तेव्हा ऊन नसतं. घरचा गोड मका थंडीसाठी राखून ठेवायचा म्हटलं की पहिली गाठ या अडचणीशी पडते. बाकीच्या गोष्टी हाताला सवयीनं जमतात.

आमचं शेत मानवत तालुक्यात आहे. कापूस, सोयाबीन, तूर ही आमची खरी पिकं. घर चालतं ते त्यांच्यावर. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी असेल त्या वर्षी रब्बीही बरी होते. मका विहिरीच्या कडेला, दोन-तीन गुंठ्यांत. तोही मूळचा म्हशींसाठी, हिरवी वैरण म्हणून. स्वीट कॉर्न त्यात माझ्या हौशीनं शिरला. घरात पहिल्यांदा शिजवला तेव्हा सासूबाईंनी दोन दाणे तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "ह्यो काय मका? ही तर साखर. भाकरीसंगं कसा खायचा?" त्यांनी बहात्तरच्या दुष्काळात मिलोच्या लाल भाकरी खाल्लेल्या आहेत. परदेशी वाणाचं धान्य म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती पडण्याचा त्यांना हक्क आहे.

खरं सांगायचं तर हिवाळा हा आमच्याकडे टंचाईचा काळ नाहीच. ज्या देशांत जमीन बर्फाखाली जाते तिथे लोकांनी हिवाळ्यासाठी साठवण करावी हे समजतं. आमच्याकडे मार्गशीर्ष-पौषात रान नुसतं उतू जात असतं. ज्वारी हुरड्यात आलेली असते. सुरती, गुळभेंडी, कुचकुची अशी हुरड्याची ज्वारी बांधाच्या कडेनं मुद्दाम लावलेली असते. तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजरं, वांगी, हे सगळं एकदमच येतं. आमची टंचाई फाल्गुन सरल्यावर सुरू होते. म्हणूनच आमच्या आज्या-सासवांनी गवारीच्या शेंगा, कारल्याच्या काचऱ्या, मेथी, सांडगे हे सगळं उन्हाळ्याच्या बेगमीसाठी वाळवलं. थंडीसाठी म्हणून त्यांनी फारसं काही राखलं नाही, कारण गरजच नव्हती.

मग मका कशाला, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर साधं आहे: तो सगळा एकदम येतो म्हणून. हुरडा निदान महिनाभर पुरवून खाता येतो, कारण रानात ज्वारी मागं-पुढं येते. गोड मक्याचं एकदा टोकलेलं रान मात्र एकाच आठवड्यात तयार होतं आणि त्याच आठवड्यात हातचं जातं. चार दिवस आधी तोडलं तर दाण्यात नुसतं पाणी, चार दिवस उशीर केला तर पीठ. घरची माणसं किती खाणार, शेजाऱ्यापाजाऱ्यांना किती वाटणार? परभणीच्या बाजारात नेऊन टाकावा तर त्याच वेळी सगळ्यांचाच आलेला असतो. गाडीभाडंही निघत नाही. उरलेली कणसं म्हशीला घालताना जीव तुटायचा. राखून ठेवण्याची सुरुवात झाली ती इथून.

पूर्वी इथेही मका राखत असत, पण तो वेगळा. देशी पांढरा मका झाडावरच पुरता वाळू द्यायचा, कणसाची पानं मागे सोलून त्यांची वेणी घालायची आणि ती जुडी चुलीवरच्या आढ्याला टांगायची. धूर लागला की कीड येत नाही. पुढे त्याच्या लाह्या, कण्या, पीठ. गोड मक्याची अशी जुडी टांगली की आठवड्यात तिला बुरशी धरते. याचं कारण दाण्यातच आहे. साध्या मक्यात साखर तयार झाली की ती भराभर पिठूळ होत जाते. गोड मक्यात तो रस्ताच जन्मतः अडलेला असतो, त्यामुळे दाण्यात साखर आणि पाणी साठून राहतं. झाडावर वाळू दिला तर दाणा भरीव होण्याऐवजी सुरकुतून चिपाड होतो. बियाण्याच्या पाकिटातले दाणे पाहिले तरी हे कळतं: चेपलेले, हलके, म्हाताऱ्याच्या गालासारखे.

यातून आणखी एक भानगड निघते. गोड मक्याच्या केसांवर साध्या मक्याच्या तुऱ्यातले परागकण पडले की त्याच कणसात, त्याच हंगामात, दाणे पिठूळ होतात. पुढच्या पिढीची वाट पाहावी लागत नाही. वैरणीचा मका आणि खायचा मका शेजारी-शेजारी लावला तर दोन्ही वैरणीचेच होतात. आता वैरणीचा मका आधी टोकते, त्याचे तुरे झडून गेले की मग गोड मक्याला तुरा येईल असा बेत धरते. शेजारच्या वावरातला मका कुणाच्या बेतात बसत नाही हा भाग वेगळा. बियाणं मी 'शुगर-७५' आणते. आमच्या भागातल्या दुकानांत तेच सहज मिळतं. संकरित असल्यानं घरचं बी धरून उपयोग नाही, दरवर्षी पाकीट विकत घ्यावंच लागतं. मला ही गोष्ट आवडत नाही, पण त्यावर उपाय नाही.

आता उन्हाचं. सगळ्यांबरोबर जूनमध्ये टोकलेला गोड मका भाद्रपदात येतो हे वर सांगितलंच. त्या दिवसांत दाणे वाळवायला घातले की पहिल्या दिवशी चिकट, दुसऱ्या दिवशी आंबूस, तिसऱ्या दिवशी काळे ठिपके. तोडगा सासूबाईंनीच काढला, तोही स्वैपाकघरात नाही, वावरात. "ऊन तुझ्यासाठी थांबायचं न्हाई. तूच मका मागं घे," असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या. गोड मक्याला टोकणीपासून कणीस हाती येईपर्यंत अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. नागपंचमीच्या सुमाराला टोकला तर कणसं दसऱ्याच्या पुढेमागे येतात. तोवर पाऊस परतीला लागलेला असतो आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागतं. हे ऊन वैशाखासारखं जाळत नाही, पण हवा कोरडी असते आणि दिवसभर ढग नसतात. रात्री थोड्या गार होतात त्याचाही फायदा आहे. गार रात्रींत भरलेलं कणीस जास्त गोड लागतं असा माझा अनुभव.

मागं घेतलेल्या मक्याला अळी जास्त. लष्करी अळी आपल्या देशात आली २०१८ मध्ये, आधी कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. ती पोंग्यात बसून पानं खाते आणि भुश्यासारखी विष्ठा मागे ठेवते. खायचं कणीस असल्यामुळे जहाल औषध मारायला मन धजत नाही. निंबोळी अर्क फवारायचा, सकाळी ओळीतून फिरून पोंगे उघडून पाहायचे, अळी दिसली की चिरडायची, वर चिमूटभर कोरडी माती टाकायची. दोन गुंठ्यांत हे जमतं, दोन एकरांत जमणार नाही. शिवाय परतीच्या पावसाचा भरवसा नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात सोयाबीनच्या गंजी वावरात भिजून त्यांना मोड फुटले, ते मराठवाडा विसरलेला नाही. अशा वर्षी गोड मका वाळवायच्या फंदात पडू नये. तो उकडून खावा आणि वाटून मोकळं व्हावं.

या बाबतीत मी फार कडक आहे, आणि त्याला कारण आहे. १९७४ च्या पावसाळ्यानंतर राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात मक्याची कणसं अवकाळी पावसात भिजली, तशीच साठवली गेली आणि त्यांच्यावर बुरशी आली. आदिवासी गावांतल्या गरीब घरांना खायला दुसरं नव्हतं. कावीळ झाल्यासारखी माणसं पिवळी पडली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं दगावली. तोच मका खाणारी गावातली कुत्रीही मेली. बुरशी जे विष तयार करते त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृतावर जातं आणि शिजवल्यानं नष्ट होत नाही. वरचे काळे-हिरवे दाणे निवडून बाकीचे ठेवावेत ही आपली जुनी सवय मक्याच्या बाबतीत जिवावर बेतू शकते. एका परातीत बुरशी दिसली तर ती परात उकिरड्यावर जाते. जनावरालाही घालत नाही.

तोडणीचा दिवस ठरवायचा तो केसांवरून. कणसाच्या टोकाचे केस वाळून तपकिरी झाले, पण पानं अजून हिरवीकंच आहेत. वरून चाचपल्यावर टोकापर्यंत दाणा लागतो. मग एका कणसाचं पान जरा बाजूला करून दाण्यात नख रुतवायचं. पातळ पाणी उडालं तर अजून थांबायचं. दुधासारखं पांढरं उडालं तर आजच. काहीच न उडता नख पिठात रुतलं तर ते कणीस म्हशीचं. केस बाहेर पडल्यापासून हा क्षण साधारण वीस दिवसांनी येतो. राघूंना मात्र तो आपल्या आधी कळतो. रानडुकरांनाही. त्यांची टोळी एका रात्रीत सगळं आडवं करते, म्हणून शेवटचे चार-पाच दिवस घरातला कुणीतरी विहिरीवर झोपायला जातोच.

त्या दिवशी आधी चूल पेटवायची, मोठ्या भगुन्यात पाणी चढवायचं आणि मग वावरात जायचं. हा क्रम उलटा झाला तर उपयोग नाही. कणीस तोडल्या क्षणापासून त्यातली साखर कमी व्हायला लागते. तीस अंशांच्या उष्णतेत साध्या गोड मक्याची निम्म्याहून जास्त साखर एका दिवसात जाते. बर्फाच्या थंडीत ठेवला तर जेमतेम थोडी. 'शुगर-७५'सारखे नवे वाण जास्त दम धरतात, तरी सकाळी तोडलेलं आणि संध्याकाळी शिजवलेलं कणीस यांत फरक कळतोच. बाजारातून आणलेल्या मक्याचं वाळवण मला कधी मनासारखं वाटलं नाही, त्याचं कारण हेच असावं.

पहाटेच्या गारव्यात तोडायचं, बांधावरच पानं आणि केस काढायचे, पाटीत भरून थेट उकळत्या पाण्यात टाकायचं. पाण्याला पुन्हा उकळी आली की चार-पाच मिनिटं मोजायची. एवढ्यानं दाणा शिजत नाही, पण त्याच्या आतली हालचाल थांबते. नाहीतर वाळतानाही साखर जात राहते, रंग मळकट होतो आणि नंतर कडवट वास येतो. बाहेर काढलं की लगेच विहिरीच्या गार पाण्यात. हे गार करणं विसरलं तर कणीस आपल्याच वाफेत शिजत राहतं.

मग दाणे काढायचे. कणीस परातीत उभं धरायचं आणि धारदार सुरीनं वरून खाली, दाण्याचा पाऊण भागच कापत जायचं. पार मुळाशी सुरी नेली तर बुरकुंडाचा कोंडा सोबत येतो आणि तो दातात अडकतो. कापताना दूध उडतं, मनगटापर्यंत चिकट होतं, माश्या येतात. राहिलेलं दूध सुरीच्या उलट्या बाजूनं खरवडून वाटीत घ्यायचं. त्याची त्याच दिवशी हिरवी मिरची-लसूण घालून धिरडी होतात, आणि काम करणाऱ्या बायकांची न्याहारी तीच. बुरकुंडं वाळली की जळणाला.

दाणे धुवट साडीवर एकेरी पसरायचे, बाजेवर, जमिनीवर नाही. खालून हवा लागली पाहिजे. वर दुसरं पातळ लुगडं माश्यांसाठी. पहिल्या दिवशी दर दोन तासांनी हात फिरवायचा, कारण पहिल्या दिवशीच ते एकमेकांना चिकटतात. संध्याकाळी दव पडायच्या आत घरात. दोन-तीन दिवसांत दाणा आक्रसतो, रंग पिवळ्यावरून मधासारखा होतो, आणि मुठीत घेऊन खुळखुळवला की काचेच्या मण्यांसारखा वाजतो. दाताखाली तो दबला तर अजून ऊन हवं. टचकन फुटला तर झाला. किलोभर ओल्या दाण्यांचे पाव किलोच्या आसपास उरतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा तोटाच वाटतो.

वाळलं म्हणून लगेच डब्यात कोंबू नये. आधी काचेच्या बरणीत सैल भरून आठवडाभर रोज हलवायचं. काही दाणे जास्त वाळलेले असतात, काही कमी. ओल एकमेकांत वाटली जाते. काचेला आतून दमट धुरकटपणा दिसला की सगळं पुन्हा उन्हात. स्टीलच्या डब्यात हे दिसत नाही, म्हणून मी काचेच्याच बरण्या वापरते. सासूबाई त्यात वाळलेला लिंबाचा पाला टाकतात, धान्याच्या कणगीत टाकतात तसा. दाण्याला त्याचा वास लागतो असं मला वाटतं, त्यांना वाटत नाही. दोन बरण्या त्यांच्या, बाकी माझ्या, अशी आमची वाटणी आहे.

फ्रीझरचा मार्ग सोपा आहे हे कबूल. दाणे तसेच उकळत्या पाण्यातून काढून गार करायचे, फडक्यावर कोरडे करायचे, ताटात पसरून गोठवायचे आणि मग पिशवीत भरायचे. चव वाळवणापेक्षा ताज्या कणसाच्या जास्त जवळ. पुण्या-मुंबईच्या घरांत मी हेच करायला सांगीन. पण गावात डीपी जळाला की दुसरा येईपर्यंत चार-चार दिवस अंधार असतो, आणि एकदा पाणी सुटलेला मका पुन्हा गोठवून खायचा नसतो. बाटलीत पाण्यात भरून उकडून ठेवावा, असंही कुणी सुचवतं. ते घरी करूच नये. मक्यात आंबटपणा नाही, आणि बंद बाटलीत वाढणाऱ्या घातक जंतूंची बीजं शंभर अंशांच्या उकळीत मरत नाहीत. त्याला दाबाखालची जास्त उष्णता लागते. ते कारखान्याचं काम.

गोड मका दुधाळ असताना वाळवणं हे आपल्याकडे नवं वाटतं, पण मका जिथला आहे तिथे जुनंच आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत कणसं मातीच्या भट्टीत रात्रभर ठेवून मग वाळवतात आणि थंडीत घेवड्याबरोबर शिजवतात. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांकडे वाळवलेला गोड मका सणाच्या जेवणात असतो. तिथे तो १९०० पासून विकलाही जाऊ लागला. आपल्याकडे 'एस फोर एस' या कंपनीनं बायकांच्या हाती सौर वाळवणी यंत्रं दिली आणि कांदा, आलं यांच्यासोबत मकाही वाळवून विकायला सुरुवात केली. या कामाला २०२३ चं अर्थशॉट पारितोषिक मिळालं. यंत्र म्हणजे बंद पेटी असल्यानं धूळ, माशी आणि अवचित सर यांची भीती राहत नाही. बाज आणि लुगड्याला मी अजून चिकटून आहे ते केवळ माझं काम दोन गुंठ्यांचं आहे म्हणून. चार घरांनी मिळून करायचं ठरवलं तर अशी पेटीच घ्यावी लागेल.

आणि खायचं कसं? थंडी वाढली की परभणीचं नाव वर्तमानपत्रात येतं, पारा चार-पाच अंशांवर उतरलेला असतो. आमच्या कृषी विद्यापीठातली ती नोंद सगळा मराठवाडा वाचतो. त्या दिवसांत रात्री मूठ-दोन मूठ दाणे कोमट पाण्यात भिजत घालते. सकाळपर्यंत फुगतात, पण ताज्यासारखे टपोरे होत नाहीत, होणारही नाहीत. चावायला थोडे चिवट राहतात आणि तेच मला आवडतं. भिजवलेलं पाणी फेकायचं नाही, साखर त्यात उतरलेली असते. त्याच पाण्यात मंद आचेवर शिजवायचे. मग येसराच्या आमटीत सोडायचे. येसराचा तिखट-खमंगपणा आणि मक्याची गोडी यांचं जमतं, नुसत्या उसळीत ती गोडी अंगावर येते. कधी दाणे आधी कोरडेच तव्यावर भाजून जाडसर भरडते. त्याचं आळण बाजरीच्या भाकरीबरोबर फार चांगलं होतं. भोगीच्या भाजीत वांगं, गाजर, घेवडा, हरभरा, तीळ यांच्या बरोबरीनं मूठभर हेही जातात. "भोगीच्या भाजीत मका कुठं असतो?" असं सासूबाई दरवर्षी म्हणतात आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात.

होळीच्या आत बरण्या रिकाम्या करायच्या हा माझा नियम. साखर असल्यानं ऊन तापलं की दाणा मऊ पडतो, मुंग्या वास काढत येतात आणि सोंडे किडे कुठून शिरतात कळत नाही. शिवाय पाडव्यानंतर बाजा आणि परातींवर कुरडया-पापड्यांचा हक्क असतो, तिथे मक्याचं नाव काढायची सोय नाही. यंदा बहिणीनं नांदेडहून आधीच सांगून ठेवलं आहे की तिला दोन किलो वाळलेले दाणे हवेत. दोन किलो म्हणजे किती कणसं, हे तिला फोनवर समजावून सांगितलं. "मग एक किलो दे," म्हणाली.